दयारामभाऊंनी मारलेल्या बंदुका

दयारामभाऊ अठरा वर्षं लष्करात काढून सहासष्ट साली उंद्रीला परतले, तेव्हा पारावरचा पहिला प्रश्न होता, "किती मारले?"

"चार हजार तरी असतील," दयारामभाऊ म्हणाले. "माणसं नाही बे, बंदुका!"

ते खरंच होतं. महायुद्धातून उरलेल्या जुन्या रायफली त्यांच्या वर्कशॉपात येत. काहींची नळी बदलून त्या पोलिसांसाठी तयार होत, आणि ज्या अगदीच झिजलेल्या असत, त्या कवायतीसाठी कायमच्या निकामी करायच्या. हे दुसरं काम दयारामभाऊंकडे होतं. गोळी बसते तिथे नळीला आरपार भोक पाडायचं, गोळीवर आपटणाऱ्या पिनेचं टोक कापायचं, लाकडावर पांढरा पट्टा ओढायचा. शेवटी मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या डब्याच्या, आत तीन ठिपके ठोकायचे. ती त्यांची खूण.

अडुसष्ट साली गावच्या शाळेत एनसीसी आली आणि तीस रायफली आल्या. हेडमास्तर शेषराव यांनी कवायत पाहायला दयारामभाऊंना मुद्दाम बोलावलं. पोरांनी एकामागून एक घोडे ओढले. दयारामभाऊ खुर्चीतून उठलेच.

"थांबवा! तिसऱ्या पोराची बंदूक मले द्या."

"काऊन हो? काय झालं?" शेषरावांनी विचारलं.

"आवाज बराबर नाही."

पट्टा तर पांढराशुभ्र होता. दयारामभाऊंनी पिन बसवलेला बोल्ट काढून समोरून अंगठा फिरवला. पिनेचं टोक बोटाला टोचलं. नळीला भोकही नव्हतं. ती रायफल जिवंत होती. गोळी कुणी घातली असती, तर सुटली असती. त्यांनी मॅगझिन काढून आत पाहिलं.

आत तीन ठिपके होते.

शेषरावांनी पोरांना घरी पाठवलं. ही खूण आपलीच, असं दयारामभाऊंनी सांगितल्यावर त्यांना खोलीत नेऊन दार लोटून घेतलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, रायफल सदोष आहे एवढंच कळवू. ठिपके कानशीनं घासून टाका. कोणाले समजते?"

"मले समजते ना, साहेब."

ती रायफल हाताखालून कधी गेली, तेव्हा आपलं ध्यान कुठं होतं, हे त्यांना काही केल्या आठवेना. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. त्यांच्या बायकोनं, भिमाबाईंनी, ताट पुढे सरकवत सांगितलं, "चुकलं तं चुकलं म्हना अन् मोकळे व्हा. पेन्शन बंद झालं तं मी हाओ ना लोकाच्या वावरात निंदाले जायाले."

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एनसीसीच्या कचेरीला पत्र लिहिलं: ही चूक माझ्या हातची आहे, बाकीच्या रायफलीही तपासाव्यात.

महिनाभरानं जीपमधून एक कॅप्टन आले. त्यांनी ती रायफल ताब्यात घेतली, पत्र पुन्हा वाचलं आणि विचारलं, "जिल्ह्यातल्या बाकीच्या तुम्हीच तपासून द्याल का? आमच्याकडे आवाजावरून ओळखणारा माणूस नाही."

तेव्हापासून दरवर्षी शाळा सुरू झाल्या की दयारामभाऊ पिशवीत एक तार, कंदील पुसायचं फडकं आणि भाकरी घेऊन एसटीनं निघत. चिखली, देऊळगाव राजा, जिथं एनसीसी असेल तिथं. प्रत्येक भोकातून तार घालून पाहत. जिवंत रायफल पुन्हा एकही सापडली नाही, तरी त्यांनी एकही न तपासता सोडली नाही.

एका पंधरा ऑगस्टला भिमाबाईही शाळेत आल्या. दयारामभाऊंनी कौतुकानं एक रायफल त्यांच्या हातात दिली आणि भोक दाखवलं. भिमाबाईंनी एक डोळा मिटून आरपार पाहिलं.

"एवढुशा भोकासाठी मले अठरा वर्सं एकटं ठेवलं काय?"

"हाव," दयारामभाऊ म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की झेंड्यापाशी उभी पोरं वळून पाहू लागली.