हातावरचं सावर क्रीम

ऐंशीच्या दशकात, अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या हायस्कुलात मी मुलींच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होते. सीझन झोकात सुरू झाला आणि मध्येच आम्ही माती खाल्ली. सगळ्यांत उंच मुलीचा पाय मुरगळला, आम्ही लागोपाठ हरायला लागलो, आणि बॉल कुणी घ्यायचा यावरून कोर्टावरच भांडायला लागलो.

पुढच्या मॅचआधी सगळ्या आमच्या घरी जमल्या; आई आम्हाला तिच्या मोठ्या गाडीतून सोडणार होती. निघताना बघते तर ती दारात वाटी घेऊन उभी! महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, हा तिचा नेम. पण त्या थंडीत दही लागलंच नव्हतं, म्हणून बाईसाहेबांनी फ्रिजमधल्या सावर क्रीममध्ये, म्हणजे तिथल्या विकतच्या आंबट सायीत, साखर कालवली होती. दिसायला दह्यासारखंच!

"आई, प्लीज, यांच्यासमोर नको!" मी ओरडले. तेवढ्यात कॅप्टनने हात पुढे केला, चाटला आणि पुन्हा पुढे केला. मग सगळ्याच रांगेत. माझं तोंड बघून गाडीत सगळ्या हसत सुटल्या. त्या हसण्यात भांडायचं राहूनच गेलं आणि मॅच आम्ही जिंकलो. मग प्रत्येक मॅचला वाटी ठरलेली, आणि जिंकणंही.

फायनलच्या दिवशी आईने हीटरजवळ ठेवून कवडीसारखं घट्ट दही लावलं होतं. कॅप्टनने ते चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "आंटी, हे खराब झालंय."

विकतच्या दह्याला जन्मभर नाक मुरडणाऱ्या माझ्या आईने दह्याची वाटी बाजूला ठेवली. मग तिने फ्रिजमधून सावर क्रीमचा डबा काढला.

"बघत काय बसलीस?" ती मला म्हणाली. "साखर आण. जिंकायचंय ना?"