गाऱ्हाणं बिनचूक म्हटलं म्हणून

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. "ही उजवीकडची रक्तवाहिनी, बरीच अरुंद झालीये. आता डावीकडची बघा. दिसतेय का?"

मला दिसली नाही. चष्मा पुसून परत बघितलं.

"तेच सांगतोय," ते म्हणाले. "दिसायला हवी होती."

माझा नवरा महेश शेजारच्या खुर्चीवर बसला होता. वय अठ्ठेचाळीस, लिफ्टचा मेकॅनिक. पोट सुटलेलं नाही, दारू नाही. आजाराचं नाव मोयामोया आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो हसला. "लहान पोराला खेळवल्यासारखं वाटतं," म्हणाला. तो त्याचा शेवटचा विनोद असेल हे माहीत असतं तर मीही हसले असते.

मोयामोया म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या हळूहळू आतून बारीक होत जातात. का होतात ते नीट कुणाला माहीत नाही. मग मेंदू नाइलाजाने केसांसारख्या बारीक नळ्यांचं जाळं तयार करतो आणि त्यावर कसाबसा भागवतो.

चिन्हं आधीपासून होती. दोनदा त्याच्या उजव्या हातातून पाना सुटला. एकदा जेवताना शब्द तोंडात अडकले, दहा मिनिटांनी सुटले. याला टीआयए म्हणतात. मेंदूचं रक्त थोडा वेळ तुटतं आणि परत सुरू होतं. परत सुरू होतं म्हणूनच आपण फसतो. मी त्याला आल्याचा चहा दिला आणि वर सुनावलं, "मोबाईल कमी बघ." तुमच्या घरात असं झालं तर चहा ठेवू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

हॉस्पिटल परळला, आमच्या लालबागच्या चाळीपासून चालत पंधरा मिनिटं. आधी एमआरआय झाला. मग डीएसए, म्हणजे मांडीच्या नसेतून बारीक नळी वर नेऊन, रंग सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात; डॉक्टरांच्या पडद्यावर होते ते हेच. एमआरआयमध्ये कळलं की मेंदूचे काही छोटे भाग आधीच सुकून गेलेत. आम्हाला पत्ताही नव्हता.

मग बायपास. हृदयाचा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, मेंदूचाही असतो. कानाच्या वरून कातडीखालून जाणारी एक रक्तवाहिनी उचलतात, कवटीला खिडकी पाडतात आणि ती आत मेंदूच्या रक्तवाहिनीला जोडतात. डॉक्टर स्वच्छ बोलले होते. "ऑपरेशन पुढचा स्ट्रोक टाळण्यासाठी आहे. विचारशक्ती सुधारू शकते, काहींची सुधारते. पण गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही." मी "सुधारू शकते" एवढं ऐकलं आणि बाकीचं तिथेच टेबलावर ठेवून आले.

सात तास बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी मोठे दीर होते.

ऑपरेशन छान झालं. पहिला आठवडा तो भलतंच काही बोलायचा. नव्या रक्ताचा जोर मेंदूला सोसावा लागतो, डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच ओसरलं. घरी आणलं. चष्म्याची दांडी त्या बाजूला दाबायची नाही, टोपी नाही, रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही. हे सगळं मी पाठ केलं.

पण घरात आलेला माणूस गप्प होता. बस म्हटलं की बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर पूर्वी ताट सरकवून "आज डॉक्टरांनी तुलाच मीठ बंद केलंय काय?" म्हणणारा माणूस अळणी आमटी मुकाट संपवायचा. मी मुद्दाम मीठ न घालता करून बघितली. लाज वाटते सांगायला, पण बघितली.

तीन महिन्यांनी न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी करायची होती. म्हणजे लक्ष, आठवण, एकामागून एक कामं ठरवून करता येतात का, हे प्रश्न विचारून, ठोकळे लावायला देऊन मोजायचं. तारीख गणपतीच्या दुसऱ्या दिवसाची मिळाली.

आमचा गणपती चाळीतच, दिरांच्या खोलीत. आरती झाली की कोकणातल्या पद्धतीने घरातल्या कर्त्याने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. दीर मोठे, पण चारचौघांत त्यांची जीभ वळत नाही, म्हणून सासरे गेल्यापासून गाऱ्हाणं महेशचं. यंदा दीर त्याला म्हणाले, "तू रवान दे, मी घालतंय कसातरी." तेवढ्यात महेशने हात जोडले.

"बा गणराया म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे म्हाराजा..."

त्याने ग्रामदेवतेपासून सुरुवात करून चुलत्यांची घरं, दुबईतला पुतण्या, नापास झालेली भाची, कुणाला म्हणून सोडलं नाही. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. दीर रडत होते, मी रडत होते. आमचे फॅमिली डॉक्टर दर्शनाला आले होते, तेही मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "वहिनी, झाला की बरा."

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलला फोन करून चाचणी नको म्हणून सांगितलं. घरात पाहुणे होते, मोदक करायचे होते. आणि ज्याने एवढं गाऱ्हाणं न अडखळता घातलं, त्याला ठोकळे कसले लावायला सांगायचे?

फॅमिली डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. साहेबांना मीच फोन केला. दसऱ्याला त्याने हत्यारं पुसून पूजेला मांडली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला. मी गॅलरीतून बघत राहिले, पोराला पहिल्यांदा शाळेत धाडल्यासारखी. आम्हाला मूल नाही.

पाचव्या दिवशी दुपारी त्याचा जोडीदार प्रकाश त्याला घरी घेऊन आला. दोघांची जोडी बारा वर्षांची. प्रकाशला घाम फुटला होता आणि महेश शांत होता.

"वहिनी, ह्याला परत पाठवू नका." प्रकाश बसलाच नाही. "गच्चीवरच्या मशीन रूममध्ये होतो. मेन स्विच बंद करायचा, कुलूप लावायचं, चावी खिशात, मगच पॅनेलला हात लावायचा. हे मला ह्यानेच शिकवलंय. आज मेन चालू, आणि हा सरळ आत हात घालायला निघाला. मी खेचला म्हणून. खाली येताना विचारलं, दादा, आधी काय करायचं असतं? सगळं घडाघडा सांगितलं, वहिनी. एक पायरी चुकला नाही. बोलला सगळं, केलं नाही."

प्रकाश गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. त्याला मरायला मीच डबा भरून पाठवला होता.

त्या आठवड्यात चाचणी झाली, दोन तास. सायकॉलॉजिस्ट बाई वयाने लहान होत्या. मी त्यांना गाऱ्हाण्याचं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं.

"वर्षानुवर्षं घोटलेलं असतं ते मेंदूत दुसरीकडे जपलेलं असतं," त्या म्हणाल्या. "आरती, पाढे, शिव्यासुद्धा. ते अख्खं बाहेर येतं. त्यावरून बाकीचं ठीक आहे असं नाही ठरवता येत. ह्यांचं आखणीचं काम बिघडलंय. स्वतःहून सुरुवात करणं, क्रम पाळणं, चूक होतेय हे ओळखणं. आणि बिघडलंय हे त्यांना स्वतःला कळत नाहीये."

"कळेल का?"

"सुधारणा झाली तर कळेल," त्या म्हणाल्या आणि कागद आवरत राहिल्या.

म्हणून सांगते. ऑपरेशननंतर तुमचा माणूस छान बोलायला लागला, नातेवाइकांची नावं सांगायला लागला, तरी चाचणी चुकवू नका. देवाला सगळं ऐकू जातं, पण कामावर जायचा दाखला तो देत नाही.

मग आठवड्यातून दोनदा थेरपी. सोप्या कामांच्या पायऱ्या कागदावर लिहून भिंतीला लावायच्या, केल्यावर टिक करायची. चहाच्या सात पायऱ्या. बाजाराच्या नऊ. मी देवाच्या फोटोखाली कागद चिकटवले. कधी चिडले, एकदा कागद फाडलेही. तो उठला, तुकडे गोळा केले आणि टिक कुठे करू असं विचारलं. त्या दिवसाइतका माझा मला कधी राग आला नाही.

नोकरी गेली ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी चाचणी झाली. वेग वाढला होता, लक्ष टिकत होतं. आखणी थोडीशी. रक्तपुरवठा उत्तम, जोडलेली रक्तवाहिनी छान वाहतेय, सर्जन म्हणाले. स्ट्रोक आला नाही. मी त्यांच्या पाया पडले, कारण त्यांनी सांगितलेलं सगळं केलं होतं. न सांगितलेलं मीच मागत होते.

गेल्या महिन्यात मी कोथिंबीर निवडत बसले होते. महेश खिडकीशी बसला होता. समोरच्या टॉवरची काचेची लिफ्ट वरखाली होत होती. वर्षभर भिंतीवरच्या कागदांपलीकडचं तो स्वतःहून काहीच विचारत नसे, मी बोलले तर उत्तर द्यायचा. त्या दिवशी विचारलं.

"माझ्यामुळे मेला असता ना प्रकाश?"

मी जुडी खाली ठेवली. "नाही रे. तू हात घालत होतास. तुलाच लागलं असतं."

"तो मला धरत होता. करंट त्यालापण लागला असता." तो थांबला. एकेक पायरी जुळवत होता, ते तोंडावर दिसत होतं. "मला ते काम परत येणार नाही."

हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. सुटी चालू आहे असंच मी म्हणत आले होते.

"नाही येणार," मी म्हटलं.

तो रडायला लागला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी सायकॉलॉजिस्ट बाईंना फोन केला, काय करू म्हणून. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ही सुधारणा आहे."

फोन ठेवला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. एवढे महिने हीच मागत होते मी, प्रत्येक देवाकडे.