भिंतीमागचा थोर

सावली गावातल्या आमच्या घरामागे माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, काटेरी थोराचं रानच उभं केलं आहे. दर उन्हाळ्यात ते अंगणातल्या कुंड्यांमधला थोर छाटायचे. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून काळा चष्मा लावून बसायचे, तेव्हा सगळी गल्ली हसायची. छाटलेला तुकडा फेकायला मात्र त्यांचा जीव होत नसे. तो सावलीत सुकवायचा, कापलेली बाजू बंद झाली की भिंतीमागे नेऊन खोचायचा. वाळवंटातली झाडं ती, पाण्यावाचून जगली आणि बघता बघता माणसाच्या डोक्यावर गेली. रानडुकरं आत शिरत नाहीत याचं बाबांना कोण कौतुक.

या उन्हाळ्यात आमची कुत्री त्या थोरात शिरली आणि परत आली नाही. मग मोरीच्या पाण्याने भिजलेल्या मातीत बिबट्याची पावलं दिसली. वनरक्षक म्हणाला, हे सगळं साफ करा, तो यातच दबा धरून बसतो. मजूर कोणी तयार होईना. तेव्हा बाबांनीच विळा उचलला. मी लावलं, मीच काढीन म्हणाले. मला रागच आला. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही.

भीती होती ती वाकण्याची. थोर बुडातून कापायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस बिबट्याला जनावर वाटतो. मोहफुलं वेचताना आमच्याकडच्या बाया अशाच गेल्या आहेत. म्हणून ठरलं, बाबा वाकले की मी मागे उभं राहून थाळी वाजवायची, ते सरळ झाले की थांबायचं.

सकाळभर वाजवून माझा हात भरून आला. बाबा एकेक झाड आडवं करत मधोमध पोहोचले. तिथे थोराच्या आत, ऊन पोहोचत नव्हतं अशा ठिकाणी, गवत दबून खोलगट झालं होतं. बाजूला कुत्रीचा पट्टा पडला होता. बाबा तो उचलायला वाकले, पण पट्टा राहिला बाजूला. त्यांनी दबलेल्या गवतावर तळवा ठेवला आणि तसेच राहिले.

"जागा गरम आहे, बाई," ते हळूच म्हणाले. "थाळी थांबवू नोको."

म्हणजे इतका वेळ तो तिथेच बसून आमचं ऐकत होता. आम्ही उलट्या पावलांनी दारापर्यंत आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाबांनी माझा पदर धरला होता. मी नुसती थाळी बडवत सुटले होते.

कापलेला थोर उचलायला कोणी गेलं नाही. मग पावसाळा लागला. परवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर आडव्या पडलेल्या प्रत्येक तुकड्याला जागच्या जागी कोंब फुटले आहेत. बाबा आता अंगणातल्या कुंड्यांकडेही फिरकत नाहीत. सकाळी उठून मागच्या दाराची कडी लागली आहे ना ते पाहतात, आणि मला विचारतात, थाळी कुठे ठेवली.