उन्हातली दोरी

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि हट्टात मला हरवील असा माणूस वाशीम जिल्ह्यात नाही असं चारचौघांत सांगत होतो. तो माणूस होता. तो अनसिंगला राहत होता, लुगडं नेसत होता आणि माझ्या सुनेची आई होता. म्हणजे माझी विहीण. आमच्याकडे इहीन म्हणतात, आणि व्याह्याला इवाई. इवाई आणि इहिनीनं एकमेकांना टोमणे मारावेत, एकमेकांच्या ताटात आग्रहानं वाढावं, पण एकमेकांच्या घरात नाक खुपसू नये, अशी रीत आहे. तिला टोमणे मान्य होते, ताट मान्य होतं. नाकाच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नव्हती.

कोणाच्याही घरी गेली की ती आधी मागच्या दारी जायची. देवघर नंतर, माणसं नंतर, आधी कपडे वाळत घालायची दोरी. तिच्या पुतण्यासाठी आम्ही शिरपूरकडे मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, आणि इहीनबाई गायब. ती न्हाणीमागे उभी राहून दोरीवरचं एकेक लुगडं उचलून खाली काय लपवलंय ते पाहत होती. परत येऊन मुलीच्या आईला म्हणाली, "पोरगी लाखात एक आहे. पन बाई, लुगड्याखाली दडवलेलं कापड वाळत नाई, आंबते." पोहे तिथंच थंड झाले. मला वाटलं सोयरीक मोडली. पण रात्री निरोप आला की मुलगीच म्हणते, मला याच घरी द्या.

आम्ही ज्याला अडचण म्हणतो त्याला ती सरळ पाळी म्हणायची, एसटीत, मांडवात आणि माझ्या तोंडावर. लग्नात नवरीची ओटी भरताना नारळ-तांदळासोबत ती स्वतः शिवलेल्या पाळीच्या कापडी घड्या घालायची. जुनं सुती लुगडं मऊ धुतलेलं, आत ओल शोषणारं फलाटीन, बाजूला दाबाचं बटन. एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी त्यातली एक घडी उचलून निवांत चष्मा पुसला. बायकांनी पदर तोंडात धरले. ही मात्र शांतपणे म्हणाली, "पुसा, पुसा. तुमच्या उपरण्याहून साफ आहे."

माझं मत वेगळं होतं आणि ते पक्कं होतं. मी चौथी शिकलेला माळवं पिकवणारा माणूस, रिसोडच्या बाजारात मेथी-पालक विकून घर उभं केलेलं. माझ्या घरच्या बायका दुकानातली पाकिटं वापरतात, चिंध्या नाही, याचा मला अभिमान होता. वापरल्यावर ते कुठं जातं, हे पाहणं पुरुषाचं काम नव्हे. एका हिवाळ्यात मात्र नाल्यावरची मोटार पाणी ओढेना. मेथी माना टाकू लागली. पोरानं आणि मी पाइप वर काढला, तर तोंडाच्या जाळीत काहीतरी पांढरं, फुगलेलं अडकलेलं. मला वाटलं बगळा मेला. इहीनबाई तेव्हा लेकीकडे आलेली होती. तिनं काडीनं ते ओढून काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "बगळा नाई, इवाई. तुमच्या घरचं पाकीट आहे. याच पान्यात पालक धुता न तुमी?" मी जाळी घासून धुतली आणि पाइप परत नाल्यात सोडला.

तेवढ्यावर ती थांबली असती तर ती इहीनबाई कसली. दोडक्याच्या मांडवाखाली तिनं एक पाकिटातला आणि एक लुगड्याचा तुकडा शेजारी शेजारी पुरला. पुढचा पावसाळा सरल्यावर खणला. लुगड्याची माती झालेली, आणि दुसरा जसाच्या तसा, धुऊन विकायला ठेवावा असा. तिचं पाकिटाशी वैर नव्हतं. प्रवासात वापरा, दवाखान्यात वापरा, ज्या नवीन पोरींना तो रबरी कप जमतो त्यांनी तो वापरावा, मी कुठं नाही म्हणते, असं ती म्हणायची. फक्त टाकायची जागा आधी सांगा. ती काही मला सांगता आली नाही. म्हणून माझ्या घरात कापडी घड्या आल्या. त्या मी येऊ दिल्या, असं मी आजही म्हणतो.

अट एकच घातली. वाळवायच्या त्या न्हाणीच्या कोपऱ्यात, दाराआड. अंगणात सकाळी व्यापारी येतात, जुड्या मोजतात, चहा पितात. तिथं असली गोष्ट टांगायची नाही.

दुसऱ्याच पावसाळ्यानंतर नातीच्या अंगाला खाज सुटली, पुरळ उठलं. पोरगी तेव्हा आठवीतून नववीत गेलेली. दर महिन्याला शाळा बुडवू लागली. रिसोडच्या डॉक्टरीणबाईनं सुनेला सांगितलं की कापड वाईट नाही, ओलसर कापड वाईट. साबणानं धुवा, कडक उन्हात वाळवा, दिवसातून वेळेवर बदला. सुनेनं ते मला सांगितलं नाही. आईला सांगितलं.

इहीनबाई आली, अंगणात मधोमध उभी राहिली. सकाळी ऊन येतं ते दिवस मावळेपर्यंत जिथून हलत नाही, नेमकी ती जागा तिनं टाचेनं दाखवली आणि इथं दोरी बांधा म्हणाली. मी नाही म्हणालो. पोरानं मधला मार्ग काढला: दोरी बांधू, वरून रोपवाटिकेची हिरवी जाळी टाकू, म्हणजे दिसायचं नाही. ती म्हणाली, "मंग ऊन कोनाले? जाळीले? कोंदट वाफ्यात रोप सडते हे गावाले तुमीच सांगत फिरता न, इवाई?"

मी उठून मळ्यात गेलो. परत आलो तेव्हा ती पिशवी आवरत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरी पाणी पिऊ नये, ही जुनी चाल. नात जन्मली तेव्हा इहीनबाईनं आमच्या घरी पहिला घोट घेतला होता. आता ती म्हणाली, "नातीच्या पायगुनानं पानी सुरू झालं होतं. नातीपायीच आजपासून बंद. तुमच्या घरात दोरी बांधनं माह्या हातात नाई. पानी पेनं माह्या हातात आहे."

आणि तिनं ते पाळलं. दर महिन्याला यायची, सोबत अनसिंगच्या पाण्याची कॅन आणि दशम्या. माझ्याच लिंबाखाली बसून गटगट आवाज करत प्यायची. लोक विचारू लागले, काहून हो आबा, इहीन तुमच्या घरचं पानी काहून घेत नाई? शेवटी मीच एकदा गुपचूप तिच्या कॅनमध्ये आमचं पाणी भरून ठेवलं. तिनं एक घोट तोंडात घेतला, खळखळून मिरचीच्या रोपावर टाकला. "तुमच्या बोरचं. याच्यात डाळ शिजत नाई." पुढच्या खेपेपासून कॅनला कुलूप.

होळी झाली, ऊन तापलं. एका दुपारी तिची बस वाशीमच्या पुढं बिघडली. कॅनमधलं पाणी तिनं बसमधल्या एका लेकुरवाळीला दिलं आणि ओठ फाटलेले घेऊन आमच्या दारी आली. सून रडू लागली. मी आजवर कोणाला हातानं पाणी नेऊन दिलं नव्हतं. त्या दिवशी तांब्या घेऊन गेलो.

"घ्या, इहीनबाई. जीव गेल्यावर दोरीचं काय करता?"

"तांब्या ठेवा, इवाई. तुमच्या मनात खोट नाई, मले मालूम आहे. पन पोरीचं कापड अजून अंधारात आहे."

"लोक येतात अंगनात."

"लोक मेथी घ्याले येतात. घेऊन जातील."

बसली तशी उठली. एसटी थांब्यावरच्या पाणपोईवर सगळ्या गावासमोर तिनं पाणी पिऊन घेतलं. ओतत होती माझी नात. परत येऊन ती पोरगी माझ्या बाजेपाशी उभी राहिली आणि खाली पाहत म्हणाली, "आबा, सोमवारपासून परीक्षा आहे. माही पाळी त्याच दिवसांत येते." आमच्या घरातल्या कोणत्याही बाईनं माझ्याशी एवढं बोलणं उभ्या जन्मात केलेलं नव्हतं. मी भाकरी खाल्ली, आडवा झालो.

आता इहीनबाईचे गुडघे गेलेत. एसटीची पायरी चढवत नाही. लिंबाखाली बसलो की शेजारची जागा फार मोकळी वाटते. टोमणे मारणारं माणूस यायचं थांबलं की आपण बरोबर आहोत की चूक हेच कळेनासं होतं.

त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सब्बल घेतली आणि तिनं टाचेनं दाखवलेल्या जागी खड्डा केला. सागाचा डांब रोवला, त्यापासून लिंबापर्यंत दोरी ओढून बांधली. नातीनं घड्या धुऊन आणल्या, एकेक चिमटा लावला, वर काहीही झाकलं नाही. व्यापारी आला. दोरीकडे पाहून थबकला. मी म्हटलं, "तिकडं काय पाहता? जुडी पाहा, ताजी आहे." त्यानं जुडी पाहिली. तो गेल्यावर नात म्हणाली, आजीला फोन लावू का? मी म्हटलं, "लाव. पन आबानं बांधली म्हनू नोको." आणि मेथी उपटायला मळ्यात गेलो.