चिमणाबाईंची सूचना

मंगळवार पेठेतल्या मसाल्याच्या कारखान्यात मिरच्या कुटायचा डंक कितीही दणदणला, तरी चिमणाबाईंचा आवाज त्याच्यावर. पिशव्या भरता भरता त्या अख्ख्या टेबलाला हसवायच्या. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचीच फिरकी घ्यायची सोडली नव्हती, मालकाचीसुद्धा. अहो, कोल्हापुरात माणूस हळू बोलला तर लोक त्याची तब्येत विचारतात.

गेल्या वर्षी गडहिंग्लजकडची शिवानी कामाला लागली. तिच्या बोलण्यात कानडी हेल. चिमणाबाईंनी पहिल्याच दिवशी तो हेल काढून दाखवला आणि बायका पोट धरधरून हसल्या. मग ते रोजचंच झालं. शिवानीही हसायची, निदान चिमणाबाईंना तसं वाटायचं.

एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत कामगार संघटनेचे पिराजी कागद घेऊन आले. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा करा, अशी मागणी संघटना सरकारकडं पाठवणार होती. छळ कशाला म्हणायचं, हे कामगारांनीच सुचवायचं होतं.

"आरं, असला कायदा आला तर आख्खं कोल्हापूर आत जाईल की!" चिमणाबाई गरजल्या. "आमी काय छळतोय व्हय एकमेकींस्नी? शिवानी, सांग की ह्यांस्नी!"

शिवानीनं नुसतीच मान हलवली.

"तोंडानं बोल की गं!"

ती बोलेना. या पोरीचा आवाज आपण कित्येक दिवसांत ऐकलेलाच नाही, हे चिमणाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं.

"कालच तिनं काम सोडायचं कळवलंय," पिराजी म्हणाले. "कारण इचारलं तर गप्प."

चिमणाबाईंनी हातातला घास परत डब्यात ठेवला. त्यांना मनापासून लाज वाटली. मालकाची फिरकी घेतली तर तो फिरून दोन सुनावतो. ही नवखी पोर कुणाला सुनावणार?

"लिही पिराजी," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की बायका घाबरल्याच. "ज्याला उलटं बोलायची सोय न्हाय, त्याची चेष्टा म्हंजे छळ. आनि खाली माझं नाव घाल. छळ करनारी, चिमणाबाई."

"नाव कशाला? नुसती सूचना पायजे."

"घाल म्हनतोय न्हवं!"

तेवढ्यात शिवानी उठली. "कायद्याला येळ लागंल की हो," ती आपल्या हेलात, चांगली खणखणीत बोलली. "तवर ह्यांस्नी टेबलाच्या त्या टोकाला बसवा!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष चिमणाबाईंकडं. त्यांनी डबा उचलला, निमूट त्या टोकाला जाऊन बसल्या आणि तिथून ओरडल्या, "मग सोमवारी येतीस न्हवं?"

"बघतो," शिवानी म्हणाली, आणि आपला डबा उघडून बायकांत जेवायला बसली.