फटफटीचं तोंड बंद करताना

माझी फटफटी गल्लीत शिरली की आधी कुत्री उठायची आणि मग माणसं. तिला फटफटी म्हणणं म्हणजे तिचा मान वाढवणंच होतं. खरं तर ती पॅडल असलेली सायकल, फक्त पोटाशी एक छोटं इंजिन बसवलेलं. पण आवाज असा, की नव्या माणसाने मागे ट्रक आला समजून भिंतीला चिकटावं.

माझ्या डाव्या पायात लहानपणच्या पोलिओमुळे जोर नाही. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून मी घरात-अंगणात चालते, पण सायकल मारणं माझ्याच्यानं कधी झालं नाही. आणि सत्तरच्या दशकात मला नोकरी लागली ती नेमकी लांब, रेल्वेच्या पुलापलीकडच्या सदर भागात, एका कचेरीत टायपिस्ट म्हणून. सुरुवातीला रिक्षाने जायची. रिक्षावाले भले होते, पण पगार माझा आणि चैन त्यांची, असा तो कारभार होता. मग बाबांनी कुठूनशी ही जुनी गाडी आणली. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे 'पोरीच्या जातीला कशाला' असं म्हणायलाही घरात कोणी नव्हतं. स्टँडवर उभी करून उजव्या पायाने पॅडल फिरवलं की ती सुरू व्हायची, आणि त्यानंतर माझ्या पायांना काही कामच उरायचं नाही. पहिल्याच दिवशी रेल्वेच्या पुलावर मी एका दूधवाल्याला मागे टाकलं. तोवर जन्मात मी कोणाला मागे टाकलेलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की सदर येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

आवाजाचं कारण साधं होतं. गाडीने जास्त ओढावं म्हणून आधीच्या मालकाने सायलेन्सरच्या आतली नळी काढून फेकून दिली होती. बाहेरून सायलेन्सर, आतून रिकामा डबा. गाडी ओढायची खरी, पण गावभर बोंबलत.

दुसऱ्या एखाद्या वस्तीत हे खपलं असतं. आमची गल्ली गांधीबागेच्या मागची, कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची. तेव्हा घरटी माग होता. आमच्या भिंतीला भिंत लागून काकांचं घर. रक्ताचं नातं नव्हतं, पण काका-काकी म्हणजे काका-काकीच. बाबा जाडंभरडं विणायचे. काका बारीक सुताची पातळं विणायचे आणि गांधीबागेतला व्यापारी त्यांचं पातळ न उलगडता घ्यायचा, असा त्यांचा लौकिक. पण काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून पिकला नाही, पिकला की काढू. तेव्हा तशीच रीत होती, मोतीबिंदू आंब्यासारखा पिकू द्यायचा. तोवर काकांनी डोळ्यांचं काम कानांवर सोपवलं.

मागावर लांबीत ताणलेले धागे असतात त्याला ताणा म्हणतात. त्यातला एखादा धागा तुटला की नखाने नख उडवावं एवढा बारीक आवाज होतो. विणणाऱ्याने तिथेच थांबून गाठ मारली तर काही बिघडत नाही. नाही थांबला तर कापडात फट पडत जाते आणि पातळ वाया जातं. डोळसाला तुटलेला धागा दिसतो, काकांना तो ऐकू यायचा. मागाच्या एवढ्या खटखटीत कसा ऐकू येतो, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मागाचा आवाज तर माहाच आहे वं. आपला श्वास आपल्याले ऐकू येते का?"

आणि माझी गाडी रोज सकाळी सुरू व्हायची ती काकांच्या खिडकीखाली. तेवढ्याच जागी फरशी होती, बाकी मातीत स्टँड रुतायचा. थंडीत इंजिन तापेपर्यंत ती तिथेच भडभडत राहायची. काका त्याच वेळी सकाळचा उजेड धरून मागाखाली पाय सोडायला खणलेल्या खड्ड्यात बसलेले असायचे. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.

बोलली ती काकी. काकी अंगाने काडी, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. दिवसभर ती चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि हात चालू असताना तोंडही चालू असायचं. एका संध्याकाळी ती गांधीबागेतून परत आलेलं पातळ घेऊनच आमच्या दारात उभी राहिली. तिने ते बाबांसमोर उलगडलं.

"हे पाहा भाऊ. हातभर फट. तुमच्या पोरीची गाडी बोंबलून राहते अन् यायले काहीच ऐकू येत नाही. असं अजून एक पातळ वापस आलं तर तो शेठ दुसरं सूत देईन का?"

बाबांनी फटीवरून बोट फिरवलं. विणकराला असं पातळ बघवत नाही. ते म्हणाले, "गाडी विकून टाकतो."

माझा स्वभाव तेव्हाही तिखटच. मी म्हटलं, "मग नोकरी पण विका. दोन्ही एकाच गिऱ्हाइकाले द्या."

काकीची नजर माझ्या बुटावर गेली. मग ती एकदम बाबांवरच घसरली. "विका म्हणून कोण म्हणून राहिलं? पोरीले घरी बसवून माह्या घरात पातळ नाही विणाचं. मी तर तिचं तोंड बंद करा म्हणते."

"माहं का गाडीचं?" मी विचारलं.

"दोघींचं झालं तरी चालीन," असं म्हणून ती पातळ गुंडाळून निघून गेली.

आवाजावर इलाज सापडेपर्यंत गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेऊन सुरू करायची, असं मी ठरवलं. एका पायात लोखंड आणि हातात ते गाडीचं धूड. पहिल्याच दिवशी नालीच्या कडेला आम्ही दोघी आडव्या झालो. उचलायला काका आले. त्यांना मी नीट दिसतही नव्हते, पडल्याचा आवाज ऐकून आले होते.

गाडीवर पहिला इलाज बाबांनी केला. आमच्या लोकांना जगातलं कुठलंही भोक सुतानेच बुजवायचं माहीत. मागावर उरलेली सुताची टोकं घरात ढिगाने असायची. बाबांनी ती वळून सायलेन्सरमध्ये ठासून भरली. गाडी सुरू केली, आणि खरोखर आवाज खाली आला. बाबा कंबरेवर हात ठेवून गल्लीकडे बघू लागले.

पण ताण्याच्या सुताला भाताची खळ लावलेली असते, हे जन्मभर ती खळ लावणाऱ्या बाबांच्याच ध्यानात आलं नाही. इंजिन तापलं आणि गल्लीत भात करपल्याचा वास सुटला. काकी चरखा सोडून चुलीकडे धावली. समोरची म्हातारी सुनेवर ओरडली, आणि सुनेने तर अजून तांदूळ धुतलेही नव्हते. घराघरांतून बायका आपापली पातेली तपासून बाहेर आल्या आणि धुराचा माग काढत माझ्या गाडीपाशी पोचल्या. तेवढ्यात गाडीने एक ठसका दिला आणि जळता बोळा सर्वांच्या पायांत टाकला. रोग परवडला पण औषध नको, अशी गत झाली. त्यानंतर कितीतरी दिवस कोणाकडे काही करपलं की गल्लीत विचारायचे, पोरगी कचेरीत गेली का.

मग बाबा चौकातल्या पत्रेवाल्याकडे गेले. त्याने भोकं पाडलेली नवी नळी करून सायलेन्सरमध्ये बसवली. आवाज थोडा बसला, पण आता पत्रा वाजायचा. तो म्हणाला, "इसके ऊपर भट्टीवाली डोरी लपेटना पडता. वो जलती नहीं." भट्टीच्या दाराला लावतात ती पांढरी ॲस्बेस्टॉसची दोरी त्याने आणून गुंडाळली. ती दोरी छातीला वाईट, हे आता वाचते. तेव्हा आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने बोचकं बांधावं तशी ती बांधली आणि सदरला जाऊन येईपर्यंत ती सैल पडली. त्याचं तरी काय चुकलं, त्याच्या दारात गळक्या बादल्यांची रांग लागलेली होती.

बाबांनी अंगणात ती नळी बाहेर काढली तेव्हा काकी भिंतीपलीकडून बघत होती. ती आली आणि बाबांच्या हातून नळी घेऊन खाली बसली.

"याले कांडी भरणं म्हणते भाऊ," ती म्हणाली. "हे बायकाइचं काम आहे."

नळीचं एक टोक तिने पायांच्या अंगठ्यांत धरलं आणि दोरी ताणून गुंडाळायला घेतली. वेढ्याला वेढा लागत गेला, मध्ये रेघभर जागा नाही. शेवटी तिने आमची विणकरांची चपटी गाठ मारली, वरून हात फिरवला तर गाठ लागू नये अशी. फक्त एक घोटाळा झाला. कांडी नेहमी गच्च भरायची, हा तिचा अभिमान. त्या हिशेबाने तिने दोरी इतकी भरली की धुराला जायला वाटच राहिली नाही. गाडी गरीब गाईसारखी चालली आणि पुलाच्या चढावर गप्प झाली. एका हातगाडीवाल्याने मला ढकलत वर नेलं. संध्याकाळी काकीने एक थर उतरवला, पण कुरकुरत. "अर्धी कांडी मी कोणाले देल्ली नाही आजपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने मला खिडकीखालीच गाडी सुरू करायला लावली. शेजारच्या खोलीत स्टोव्ह पेटला असावा, एवढाच आवाज. आत काका मागावर होते, धोटा जात-येत होता. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. आता एखादा धागा तुटेपर्यंत वाट बघायची, आणि काकांना ऐकू आला तर जिंकलो, असं मी धरून चालले होते. त्याला दुपारही झाली असती.

काकीला तेवढा धीर कुठला. ती मागाच्या पलीकडे गेली, काकांच्या पाठीमागे नव्हे, ताण्याच्या दूरच्या टोकाला, जिथे त्यांची नजर पोचत नव्हती. आमच्या घरांत लावलेल्या ताण्याला दुसरं कोणी हात लावत नाही. लहानपणी नुसतं वाकून बघितलं तरी आम्हाला चापट बसायची. काकी तर लग्न होऊन आल्यापासून मागाजवळ झाडू मारण्याआधी त्याच्या पाया पडायची. त्या काकीने एक धागा बोटात उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि तोडला.

गाडी चालूच होती.

काकांनी धोटा आणखी एकदा फेकला आणि माग थांबवला. त्यांची बोटं ताण्यावरून सरकत गेली. धाग्याची टोकं सापडली. एक टोक त्यांनी चिमटीत धरून चोळलं. आपोआप तुटलेल्या धाग्याचं टोक झिजून विरलेलं असतं, हे तसं नव्हतं.

"हा तुटला नाही," ते म्हणाले. "कोणं तोडला?"

"मी तोडला," काकी म्हणाली.

काकांनी गाठ मारली आणि ते म्हणाले, "पोरीले सांग, रोज इथूनच सुरू करत जाय म्हणा."

शेजारच्या या घराने मला नुसतं सोसलं नव्हतं, हे मला त्या क्षणी समजलं. कोणाचे उपकार फिटणार नाहीत असं आजही कोणी विचारलं, तर मी आधी काकीचं नाव घेते, मग घरच्यांचं. काकी खिडकीशी आली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच.

"आता काहून उभी आहेस वं? जाय, उशीर होऊन राहिला."

मी गेले. मग निवृत्त होईपर्यंत रोज जात राहिले.