सिनेमासाठी काढलेला बांध

अमळनेरच्या बाजारात मी बैलांचा व्यापार करतो. आमचा सौदा तोंडाने होत नाही, रुमालाखाली होतो. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती कितीही माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. धाकट्या भावाला हे मीच शिकवलं, धुळ्याच्या बाजारात, त्याला मिसरूड फुटत होती तेव्हा. सौदा पटला की हात लगेच काढून घ्यायचा, नाहीतर समोरच्याला दुसरा विचार सुचतो, हेही मीच सांगितलं होतं.

वाटणीत विहीर त्याच्याकडे गेली. का, तर तो धाकटा. मी बैल विकून विकून स्वतःची बोअर पाडली, पण त्याची मोटर सुरू झाली की मला ओट्यावर ऐकू येते आणि डोकं फिरतं. विहीर त्याला आली, मला तिचा आवाज आला. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

उन्हाळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं होतं, तेव्हा मुंबईचा एक सिनेमावाला आला. फार पूर्वी एकटीने विमान घेऊन देशोदेशी गेलेल्या एका बाईवर ते सिनेमा काढत होते. ती वाट चुकते आणि परक्या मुलखातल्या शेतात उतरते, असा प्रसंग होता. त्याला आमचं रान आवडलं होतं. फक्त आम्हा भावांच्या वावरांमधला बांध काढावा लागेल, म्हणाला. विमानाला दोन्ही वावरं लागणार होती.

मी विचारलं, विमान उडून येणार का? तो म्हणाला, विमान ट्रकमधून येईल, इथे नुसतं जमिनीवर पळेल, उडणं नंतर संगणकावर करू. मी मनात म्हटलं, जो माणूस न उडणारं विमान उडालेलं दाखवतो, तो गेलेला बांध परत आणल्याचंही दाखवेल. मी त्याला तीनदा दारातून परत पाठवलं. तो माझ्याकडून भावाकडे आणि भावाकडून माझ्याकडे खेटे घालत होता. शेवटी भाड्याबरोबर माझी अट मान्य झाली: बांध होता तिथेच परत घालून द्यायचा. बांधाच्या एका टोकाला बाभूळ आहे, ती कुठे जाणार नव्हती. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं, म्हणून तिथे मी लोखंडी खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी बघतो तर शेजारी भावाचीही खुंटी. म्हणजे त्याचाही माझ्यावर विश्वास नव्हता. मला फार राग आला.

शूटिंग झालं. लाकडाचं आणि कापडाचं ते विमान धूळ उडवत आमच्या रानातून पळालं, सारं गाव बघायला लोटलं होतं. मी मात्र खुंट्या शोधत होतो. त्या कॅमेऱ्यात येतात म्हणून कोणीतरी आधीच उपटून टाकल्या होत्या.

मग जेसीबीने बांध घातला. बाभळीच्या टोकाला बरोबर होता. दुसऱ्या टोकाला माझ्या वावरात दोन हात आत आला होता. जेसीबीवाल्याला चहा कोणी पाजला, हे मी विचारून घेतलं. भावाने पाजला होता. सरकारी मोजणी मागवली असती तर गावात तमाशा झाला असता. पेरणी तशीच झाली. पण बांधावरून जाताना माझे पाय रोज तिथेच थांबायचे.

सिनेमावाला जाताना एक गोष्ट बोलून गेला होता. बांध काढायच्या आधी त्यांनी रानाचं वरून चित्रण केलं होतं आणि ते सिनेमात येणार होतं. त्यात बांध जुन्या जागी दिसणार, हे मी धरून ठेवलं. पुढच्या वर्षी सिनेमा जळगावला लागला, तसा मी पहिल्याच दिवशी एस.टी. पकडली. घरी सांगितलं, बैलजोडी बघायला चाललो.

आत अंधार होता. खुर्ची चाचपून बसलो. बाई पडद्यावर विमानाची तयारी करत होती. पेट्रोल दुसऱ्याने आणून दिलं तरी ती ते स्वतः फडक्यातून गाळून घेत होती. तारा ओढून बघत होती, चाकाखाली वाकून बघत होती. बाई मला पटली. कोणावर विसंबत नव्हती.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"बांध पहाले उना का, भाऊ?"

मान वळवायची गरज नव्हती. भावाचा आवाज मी इतक्या वर्षांत फक्त घरांमधल्या भिंतीपलीकडून ऐकला होता.

आलो होतो मी बांधच बघायला, पण म्हणालो, "तू काय बाई पहाले उना?"

तो हसला. विमान खाली येऊ लागलं. आमचं रान पडद्यावर आलं. उतार ओळखीचा होता, लांबच्या टेकाडाचा माथाही. पण बांध नव्हता. बाभूळसुद्धा नव्हती. संगणकावर सगळं पुसून टाकलं होतं आणि नुसतं पिवळं गवत पसरलं होतं. बाई विमानातून उतरली, नकाशा उलगडून आपण कुठे आहोत ते शोधू लागली, आणि चित्र बदललं. ज्याच्यासाठी मी आलो होतो ते संपलं. त्याच्याकडेही आता पुरावा नव्हता.

थोड्या वेळाने दोन खुर्च्यांमधल्या दांडीवर त्याने खांद्यावरचा रुमाल टाकला आणि खाली हात ठेवला. मी थांबलो. मग माझा हात घातला आणि त्याची दोन बोटं दाबली. म्हणजे बांध दोन हात मागे. तो एकावर येईल, मी दीडवर ओढीन, असा माझा हिशेब होता.

त्याने लगेच माझी दोन बोटं दाबली.

पहिल्याच बोलीला कबूल होणारं गिऱ्हाईक मी चांगला ओळखतो. त्याला एकतर बैलातलं कळत नसतं, नाहीतर तुम्हाला न दिसलेलं काहीतरी त्याने पाहिलेलं असतं. आणि भावाला बैलातलं चांगलं कळतं, मीच शिकवलंय. विहिरीचं पाणी आटलं का? पोरीचं लग्न काढलंय का? ह्याला माझ्याकडून काय हवंय?

सौदा झाला होता, आता हात काढायचा होता. त्याने काढला नाही. बाई पुन्हा विमानात बसली, पंखा फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी हात तिथेच.

मी रुमालाखाली त्याची बोटं खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजली.